सॅन होजेचं राहिलेलं तिकीट

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

व्हिसा झाला, आनंद आहे. पण फोन ठेवता ठेवता तू जे बोललास ते डोक्यातून जात नाही. शिकत असतानाचं सॅन होजेचं ओव्हरस्पीडचं तिकीट तू भरलंच नाहीस, आणि मित्र म्हणतात, ‘आता कोण विचारतंय!’ तुझ्या मित्रांनी कोर्टात कारकुनी केलेली नाही, मी केली आहे.

आपल्याकडे ई-चलान साठत जातं, मग लोकअदालतीची नोटीस येते आणि तडजोडीत मिटून जातं. म्हणून तिकडचा दंडही तुला वीजबिलाच्या थकबाकीसारखा वाटतोय. कॅलिफोर्नियात पोलीस तिकिटावर सही घेतो, ती गुन्हा कबूल केल्याची नसते. अमुक तारखेपर्यंत कोर्टात हजर होईन, अशी ती लेखी हमी असते. वेळेत दंड भरला असतास तर हजर राहायची गरज उरली नसती. आता गंमत बघ. जास्त वेगाला नुसता दंड, तुरुंग नाही. पण हमी देऊन गैरहजर राहणं हा वेगळा गुन्हा, आणि त्याला तुरुंगाची तरतूद आहे. न्यायाधीश वॉरंटही काढू शकतात.

प्रत्येक तिकिटाला वॉरंट निघतंच असं नाही. पण निघालं असेल तर ते कोर्टाने मागे घेईपर्यंत राहतं. विमानतळावर कदाचित कोणी अडवणार नाही. पुढे कधी गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून पोलिसाने थांबवलं आणि त्या वॉरंटवर अटक झाली, तर व्हिसाच्या फॉर्ममधल्या ‘कधी अटक झाली होती का’ या प्रश्नाला दर वेळी ‘हो’ लिहावं लागेल. मला भीती आहे ती याची, पैशांची नाही.

तसे पैसेही थोडे नाहीत म्हणा. मर्यादेच्या वर 15 मैलांपर्यंत मूळ दंड 35 डॉलर, पण अधिभार चढत चढत तो दोनशेच्या पुढे जातो. मुदत चुकल्याबद्दल आणखी 100 डॉलरपर्यंत लावतात; 2022 पर्यंत ही मर्यादा 300 होती.

आजच सांता क्लारा कौंटी सुपिरिअर कोर्टाच्या संकेतस्थळावर केस शोध. वसुलीला दिली असेल तर पैसे कुठे भरायचे ते आधी कोर्टाला विचार. वॉरंट दिसलं तर मात्र स्वतः खटपट करू नकोस, तिथला वकील धर. अशा किरकोळ प्रकरणात तुझ्या गैरहजेरीत तो उभा राहू शकतो. त्याची फी दंडापेक्षा जास्त होईल, होऊ दे. कंपनीचा जो वकील तुझे कागद बघतो त्यालाही हे सांगून ठेव. उगाच लपवू नकोस.

केस बंद झाल्याचा कोर्टाचा कागद घे, नुसता बँकेचा मेसेज पुरत नाही. इथलं कार्ड चाललं नाही तर फ्रीमाँटच्या आतेबहिणीला भरायला सांगतो. तिकिटाचा नंबर तेवढा रविवारच्या आत कळव.

तुझे बाबा