अभ्यासक्रम ठरवताना शिकवणाऱ्याला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सोलापूर विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेटची) बैठक झाली की कोणी सभात्याग केला, कोणाची कोणाशी खडाजंगी झाली, अर्थसंकल्पात काय होतं, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतं. ते यावंच. पण त्याच विद्यापीठाच्या विद्या परिषदेत, म्हणजे शैक्षणिक निर्णय मंजूर करणाऱ्या सभेत, आणि विषयवार अभ्यास मंडळांत काय ठरलं, याच्या दोन ओळीही सहसा वाचायला मिळत नाहीत. आपली मुलं पदवीची तीन-चार वर्षं काय शिकणार, परीक्षा कशी देणार, कोणता विषय राहणार आणि कोणता जाणार, हे तर तिथेच ठरतं. तिथे शिक्षकाचं किती चालतं, हा सोलापूरकरांच्या काळजीचा विषय व्हायला हवा.

मी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत शिकवून निवृत्त झाले आहे. २००४ साली सोलापूरला एका जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, तेव्हा आम्हा प्राध्यापकांना वाटलं होतं की आता प्रत्येक कामासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात खेटे घालणं संपेल आणि अक्कलकोटचा, सांगोल्याचा शिक्षक आपल्या विद्यार्थ्याला काय हवं ते केगावात, विद्यापीठाच्या आवारात येऊन सांगू शकेल. ही जवळीक हेच या विद्यापीठाचं बळ आहे. इथल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं असतात, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी असतात. कोणाची आई विड्या वळते, कोणी स्वतः यंत्रमागावर किंवा गारमेंटच्या कारखान्यात पाळी करून तासाला येतं. अशा मुलाला प्रकल्प घरी करायला सांगितला तर तो कोण करणार, मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या सत्रात इंग्रजीतला कोणता भाग सोडून देते, हे मंत्रालयातल्या फायलीत सापडणार नाही. आषाढीला एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळतात. त्या दिवसांत पेपर ठेवला तर खेड्यातून येणाऱ्या मुलांचं काय होतं, हे पंढरपूर-माळशिरसचा कोणताही शिक्षक सांगेल. फक्त वेळापत्रक काढण्याआधी त्याला विचारायला हवं.

कायद्याने शिक्षकाला जागा दिलेली आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेत महाविद्यालयीन शिक्षकांचे दहा निवडून आलेले प्रतिनिधी असतात आणि विद्या परिषदेवर चारही विद्याशाखांतून शिक्षक निवडून जातात. पण अभ्यासक्रम जिथे प्रत्यक्ष लिहिला जातो त्या अभ्यास मंडळावर संलग्न महाविद्यालयांतले निवडून आलेले विभागप्रमुख फक्त तीन. बाकी बहुतेक नामनिर्देशित. १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख (डीन), तिच्या सदस्यांमधून निवडला जाई, आता तो निवड समितीमार्फत नेमला जातो. नेमलेली माणसं वाईट असतात असं मी मुळीच म्हणत नाही, त्यांतली अनेक विद्वान आणि कष्टाळू आहेत. पण निवडून आलेल्या माणसाला आपल्या मतदारांकडे परत जाऊन हिशेब द्यावा लागतो. नेमलेल्याला ते बंधन नसतं.

यावर नेहमीचं उत्तर असं की शिक्षकांना सगळंच ठरवायचं असेल तर कारभार चालणार कसा? शिक्षकांना सगळं ठरवायचं नाहीच. इमारती, पैसा, लेखे ही व्यवस्थापनाची कामं आहेत. अमेरिकेत १९६६ साली प्राध्यापकांच्या, विद्यापीठ प्रशासनाच्या आणि विश्वस्तांच्या संघटनांनी मिळून एक निवेदन तयार केलं. अभ्यासक्रम, अध्यापनाची पद्धत आणि संशोधन यांची मुख्य जबाबदारी त्यात प्राध्यापकांवर टाकली आहे. व्यवस्थापनाला त्यांचा निर्णय फिरवायचा असेल तर तो अपवाद म्हणूनच फिरवावा आणि कारण प्राध्यापकांना कळवावं, असंही त्यात आहे. यातलं कारण कळवण्याचं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. सूचना नाकारली याचं दुःख शिक्षक पचवतो. सूचनेचं पुढे काय झालं हे कधीच कळलं नाही, तर तो पुढच्या वेळी सूचना करणंच सोडतो.

आपल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४ पासून पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. श्रेयांक (क्रेडिट), आपल्या शाखेबाहेरचे खुले वैकल्पिक विषय, कौशल्याचे विषय आले. त्यांत चांगलं पुष्कळ आहे. पण कोणता विषय मुलांना उपयोगी पडेल यापेक्षा कोणाचा कार्यभार, म्हणजे नोकरी टिकवणारे तास, वाचेल, यावर विभागाच्या बैठकी संपत असतील, तर दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. आमच्या संघटना वेतन आणि बढतीसाठी जितक्या तळमळीने लढल्या, तितक्या अभ्यासक्रमासाठी लढल्या नाहीत.

आणि या सगळ्यात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेऊन शिकवणारे तरुण कुठेच नाहीत. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही मुलं-मुली सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या गावी शिकवतात. कायद्याच्या व्याख्येत शिक्षक म्हणजे पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक, त्यामुळे मतदार यादीत त्यांचं नाव नाही. नवे विषय मात्र बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच गळ्यात पडतात. वर्गात काय जमत नाही हे ज्यांना सर्वांत आधी कळतं, त्यांनाच कोणी विचारत नाही, आणि पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही या धास्तीने तेही बोलत नाहीत. प्राध्यापक भरती रखडते तेव्हा चर्चा रिक्त पदांची होते, पण त्या पदांबरोबर शिक्षकांची मतंही कमी होतात, हे कोणी मोजत नाही.

महाविद्यालय पातळीवर विकास समिती आहे. तिच्यावर तीन शिक्षक सहकाऱ्यांनी निवडून द्यायचे असतात. मला माहीत असलेल्या एका महाविद्यालयात ही निवडणूक कधी झाली ते शिक्षकांनाच ठाऊक नव्हतं, इतिवृत्तावर सह्या तेवढ्या फिरवल्या गेल्या.

माझी विद्यापीठाला विनंती आहे की अभ्यासक्रमाचा मसुदा विद्या परिषदेपुढे जाण्याआधी किमान महिनाभर सर्व महाविद्यालयांकडे पाठवावा, तासिका तत्त्वावरील शिक्षकांसह सर्वांकडून लेखी सूचना मागवाव्यात आणि नाकारलेल्या सूचनांची कारणं इतिवृत्तात नोंदवून ते संकेतस्थळावर ठेवावं. आपल्याला विनंती एवढीच की विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीला आपला वार्ताहर लक्ष ठेवून असावा आणि तिथे काय मंजूर झालं, काय फेटाळलं, हे अधिसभेच्या बातमीइतक्याच जागेत छापावं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर