पुढचा एक्सल ठेवावा की कापावा?

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचा गुडघा आहे तसाच आहे. लिहिण्यास कारण असे, की आपल्या १९५१ च्या फोर्ड एफ-१ पिकअप ट्रकची केबिन आणि हौदा उतरवून चासी, म्हणजे खालचा सांगाडा, अखेर घोड्यांवर उघडी ठेवली, आणि जे दिसले ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. काकांना सांगायला गेलो, तर त्यांनी रंग कोणता देणार एवढेच विचारले.

आधी आनंदाची बातमी. चासी सरळ आहे. ओळंबा सोडून रेलवरची, म्हणजे चासीच्या दोन लांब उभ्या तुळयांवरची, एकेक भोके जमिनीवर उतरवली आणि खुणांमधले कर्ण मोजले. कुठेही तीन मिलिमीटरचा फरक निघाला नाही. उजवा रेल वाकलेला आहे म्हणून ट्रक ओढतो, असे तू इतकी वर्षे भांडून सांगत होतास. उजवीकडे दोन चाकांमधले अंतर कमी भरते हे तुझे माप खरेच होते, परंतु त्याचे कारण रेलमध्ये नव्हते. उजव्या पुढच्या कमानीचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) पाटे एकत्र धरून एक्सल जागेवर ठेवणारा सेंटर बोल्ट तुटलेला निघाला, आणि त्या बाजूने एक्सल पाट्यांवरून मागे सरकलेला होता. एवढ्यासाठी आपण एक अख्खी दिवाळी अबोल्यात काढली. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिन आणि त्यांचे बुशही झिजलेले आहेत, पण ते बदलता येतील.

आता काळजीची गोष्ट. डाव्या रेलवर, स्टिअरिंग बॉक्सच्या जवळ, पूर्वी कोणीतरी गॅसने एक भोक पाडून ठेवले आहे आणि त्याच्या खडबडीत कडेपासून एक तडा खालच्या काठाकडे निघालेला आहे. त्यावर वेल्डिंगचा लेप चढवून वर रंग फासलेला होता. लेप घासून काढल्यावर तडा किती लांब गेला आहे ते समजले. त्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायचा, तडा खोल उकरून पुन्हा भरायचा आणि आतून पट्टी द्यायची, येथपर्यंत माझ्या मनात संशय नाही. पट्टीची टोके तिरपी कापीन, कारण रेलला आडवा सरळ टाका घातला की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि पुढचा तडा तिथूनच निघतो. दोन्ही रेल जोडणाऱ्या पुढच्या आडव्या तुळईचे, म्हणजे क्रॉस मेंबरचे, रिवेटही काढावे लागतील, कारण दोन पत्र्यांमधल्या गंजाने फुगून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलले आहे.

क्रॉस मेंबर तसाही सुटणार आहे, आणि तुझे जुने म्हणणे नेमके येथेच मनात शिरते. तो परत बसवूच नये, आणि १९७४ ते १९७८ च्या फोर्ड मस्टँग टू मोटारीच्या धर्तीचे, प्रत्येक चाक वेगळे हलू देणारे स्वतंत्र सस्पेंशन, रॅक स्टिअरिंग आणि डिस्क ब्रेक यांसह लावून टाकावे, असे तू कितीदा म्हणालास. जुन्या गाड्या हौसेने बदलून घेणाऱ्या हॉट रॉडवाल्यांनी तो मार्ग अनेक ट्रकांवर वापरलेला आहे आणि त्याचे फायदे मी नाकारत नाही. अखंड एक्सलमध्ये एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते, हे मला मान्य आहे. परंतु भार कुठे जातो, ते पाहा. कमानपाट्यांवर ट्रकचा भार एका टोकाच्या हँगरला आणि दुसऱ्या टोकाच्या शॅकलला (झुलत्या कडीला) असा दोन जागी वाटला जातो, आणि रेलला थोडा पीळ पडणे त्या रचनेत धरलेलेच आहे. स्वतंत्र सस्पेंशनमध्ये तोच भार स्प्रिंगच्या बैठकीतून नव्या क्रॉस मेंबरच्या सांध्यावर एकवटतो, म्हणजे आपल्या तडकलेल्या जागेच्या अगदी शेजारी. तिथे उघडा सी आकाराचा रेल चालणार नाही. चौथी बाजू पट्टीने बंद करून तो पेटीसारखा करावाच लागेल. पेटी केली की पिळाला होणारा विरोध कित्येक पटींनी वाढतो, हे तर तूच मला शिकवलेस. पण पेटी जिथे संपते तिथे पीळ साचतो, हेही तुझेच वाक्य आहे.

माझा कल अखंड एक्सल ठेवण्याकडे आहे. हा ट्रक पुढून पाहिला की आडवा एक्सल दिसावा, असे मला फार मनापासून वाटते. उलट्या डोळ्याचा, म्हणजे टोकाची वळी उलट दिशेला वळवलेला, मेन पाटा घातला तर पुढची बाजू खाली येईल, आणि पाट्यांमध्ये घसरत्या पट्ट्या घातल्या तर घर्षण कमी होऊन धक्केही कमी बसतील. नुसते पाटे काढून मऊपणा आणायला मात्र माझा विरोध आहे, कारण ब्रेक मारताच एक्सल पीळ खातो. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, पाच ते सात अंशांच्या दरम्यान पाचरींनी बसवीन, पण इंजिन, केबिन आणि हौदा चढवून पूर्ण वजन आल्यावरच. मागे एक्सल पाट्यांच्या वर घ्यायचा ठरला, तर रेलला खाच द्यावी लागेल आणि पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड करताना पिनियनचा (मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दात्याच्या दांड्याचा) कोन गिअरबॉक्सच्या कोनाशी जुळवावा लागेल. ते काम आपण दोघांनी मिळूनच करायचे.

तुझाच मार्ग ठरला तर लागतील म्हणून पेटीच्या पट्ट्या मी कापून ठेवल्या आहेत, पण तू पाहिल्याशिवाय एकही टाका घालणार नाही. आत जाणाऱ्या बोल्टांसाठी नळ्या आधी बसवाव्या लागतात, कारण नंतर तिथे हात पोहोचत नाही आणि नळीशिवाय बोल्ट आवळला तर पेटीच चेपते. वेल्डिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे करीन आणि मध्ये गार होऊ देऊन कर्ण पुन्हा मोजीन. सरळ निघालेली चासी उष्णतेने वाकली, तर मला ते सहन होणार नाही.

नव्या नोकरीत रमलास का? वहिनींना नमस्कार, धाकटीच्या निकालाबद्दल तिचे अभिनंदन सांग. क्रॉस मेंबर ठेवायचा की नाही ते स्पष्ट लिही, आणि स्वतंत्र सस्पेंशनचाच आग्रह असेल तर त्या तड्याजवळचा भार कसा वाटून देणार, ते आकृती काढून पाठव. तुझा कोनमापक माझ्यापेक्षा अचूक आहे, येताना तो घेऊन ये.

तुझा,
बापू