आमच्या उत्पादक कंपनीची कायदेशीर बाजू सांभाळणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

औसा तालुक्यात तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले आहे. त्यासाठी कंपनी सचिव या नात्याने आपण घेतलेल्या कष्टांबद्दल सर्व सभासदांच्या वतीने हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे. मोंढ्यावर एकेकट्याने माल नेण्यापेक्षा तो एकत्र विकावा, हा विचार आमचा होता. परंतु निर्णय कोणी घ्यायचे, जबाबदारी कोणावर किती आणि बाहेर पडणाऱ्याच्या शेअरचे काय, हे पैसे गोळा करण्याआधीच सर्वांना समजले पाहिजे, हा आग्रह आपला होता.

कंपनी कायदा २०१३ मध्ये २०२० च्या दुरुस्तीने उत्पादक कंपन्यांचे प्रकरण आले असून, किमान १० उत्पादक अशी कंपनी स्थापू शकतात आणि तिला ५ ते १५ संचालक असतात, इतपत माहिती आम्हाला होती. मात्र सर्व सभासद व्यक्ती असतील तर शेअर कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत, हे आपण समजावून सांगितले आणि दोन एकरांचे शेतकरीही बैठकीत मोकळेपणाने बोलू लागले. अधिक भांडवल देऊ इच्छिणाऱ्यांच्या शंका आपण टाळल्या नाहीत. संचालक मंडळाच्या पूर्वसंमतीने, सक्रिय सभासदालाच, म्हणजे कंपनीशी ठरल्याप्रमाणे व्यवहार करणाऱ्यालाच, आणि दर्शनी म्हणजे शेअरच्या मूळ ठरलेल्या किमतीलाच शेअर हस्तांतरित करता येतो, हेही त्यांना स्पष्ट सांगितले. माझ्या मते आमची एकी टिकली ती या स्पष्टपणामुळे.

सभासदाची जबाबदारी शेअरच्या न भरलेल्या रकमेपुरती मर्यादित असली, तरी बँकेला वैयक्तिक हमी दिल्यास ते संरक्षण त्या संचालकाच्या कामी येत नाही, हे आपण कर्जाचा विषय निघताच सांगितले. गोदामाचा मालक नोंदणीआधीच भाडेकरार मागत होता. जी कंपनी अजून अस्तित्वातच नाही, तिच्यासाठी सही करणारा स्वतःच त्या करारात बांधला जाऊ शकतो, हे आपण वेळीच लक्षात आणून दिले, म्हणून आमच्यापैकी कोणाचेही घर त्यात अडकले नाही. कंपनीचे नाव मंजूर झाले म्हणजे डाळीच्या पाकिटावरील नावावर हक्क मिळत नाही, त्यासाठी ट्रेडमार्कची वेगळी नोंदणी लागते, हेही आपल्याकडूनच कळले.

पहिला लेखापरीक्षक ३० दिवसांत नेमणे आणि शेअरची रक्कम जमा झाल्याची घोषणा १८० दिवसांत, तीही व्यवहार सुरू करण्याआधी दाखल करणे, ही कामे आपल्या टिपणानुसार चालू आहेत. नोंदणीपासून ९० दिवसांच्या आत पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा घेऊन संचालक निवडायचे आहेत. त्या सभेला आपण यावे आणि नव्या संचालकांना त्यांची कर्तव्ये आपणच समजावून सांगावीत, अशी सर्वांची आग्रहाची विनंती आहे.

आपले ऋणी,
संचालक मंडळ व सर्व सभासद
तालुका औसा, जिल्हा लातूर