सूचना : विरळणीत खांदे सांभाळा

निफाड-दिंडोरीकडच्या सर्व बागायतदार सभासदांना नमस्कार.

द्राक्षांची विरळणी, म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढणं, सुरू झाली. बाया दिवसभर हात वर धरून कात्री चालवतात. हात खांद्याच्या वर राहिला की स्नायूंना रक्त कमी पोचतं, सांध्यातले स्नायूबंध घासून सुजतात. आमच्याकडच्या एका मावशींना परवा वेणी घालायला हात मागे नेता येईना. फार वाईट वाटलं.

उंची कमी असेल तिला न डुगडुगणारा पाट द्या, घड डोळ्यांसमोर यायला हवा. कात्रीला धार लावून घ्या, बोथट कात्रीनं अंगठा आणि मनगट धरतं. तासाला पाच मिनिटं हात खाली सोडू द्या. उक्त्या कामात हे जड जातं, मान्य. तरी द्याच, आणि मजुरी कापू नका. बोटांना मुंग्या येत राहिल्या तर बामावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.