ब्रेक परत आल्यासारखा वाटला तेव्हा "नाही" म्हणणाऱ्या टँकरवाल्या काकांना

आदरणीय काका,

ब्रेक गेला तेव्हा तुम्ही जी मदत केलीत, तिच्यासाठी आम्ही तिथेच हात जोडले होते. हे पत्र त्यानंतरच्या गोष्टीबद्दल आहे. बऱ्याच वेळाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं घट्ट लागलं, आम्ही सगळे गाडीत बसायला निघालो आणि तुम्ही बॉनेटसमोर उभे राहून म्हणालात, "ही गाडी इथून स्वतःच्या चाकांवर खाली जाणार नाही." त्या नकाराचे आभार मानायचे आहेत. जाताना तुम्ही म्हणाला होतात, "काय निघालं ते कळलं असतं तर बरं वाटलं असतं." नंबर मागितला तर "रस्त्यावर भेटूच" म्हणून हसून निघून गेलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्यापर्यंत पोचलं तर आनंदच आहे. नाही पोचलं तरी, वापरलेली मोठी गाडी घेऊन घाटात उतरणाऱ्या कुणालातरी तुमचं बोलणं उपयोगी पडेल.

तुम्हाला पुढून, आरशात जेवढं दिसलं तेवढंच माहीत आहे. आत काय चाललं होतं ते सांगते.

लांबलचक उतार होता. गाडी वापरलेली घेतलेली, दोन टनांची, वर आम्ही चौघं आणि सामान. गिअर "डी"मध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीचा आपोआप बदलणारा नेहमीचा गिअर. वळणं एकापाठोपाठ एक येत होती आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक लावावा लागत होता. तसा ब्रेक लावत असतानाच एका वळणावर पेडल मऊ झालं. पुढच्या वळणावर ते थेट खाली, फरशीला टेकलं. गाडी तशीच पुढे निघाली. डॅशबोर्डवर एकही लाल दिवा नव्हता. ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. सीट किती तापली आहे हेसुद्धा सांगणारी गाडी या बाबतीत गप्प होती.

मी पेडल पटापट मारत राहिले. चार-पाच वेळा मारल्यावर थोडी पकड यायची आणि पुन्हा जायची. स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्टीने (तिला पॅडल म्हणतात) गिअर खाली आणला, एका वेळी एकच, कारण इंजिनचे फेरे फार चढत असतील तर गिअरबॉक्स खालचा गिअर घेतच नाही. इंजिन ओरडायला लागलं तसा वेग थोडा उतरला. इंजिन मात्र चालू ठेवलं. ते बंद झालं असतं तर स्टिअरिंग जड झालं असतं आणि ब्रेकला जोर देणारा बूस्टरही एक-दोन दाबांत संपला असता. माझे यजमान शेजारून हॉर्न दाबून धरत होते आणि हॅझर्ड लाइट चालू होते. मग मी इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचं बटण वर ओढलं आणि ओढूनच धरलं. ते बटण चालत्या गाडीतही काम करतं, पण धरून ठेवलं तरच. सोडलं की ब्रेकही सुटतो. मागची चाकं धरली जात होती, सुटत होती, पुन्हा धरली जात होती. मागे माझी आई लेकीला छातीशी घट्ट धरून बसली होती, तिने तोंडातून एक शब्द काढला नाही.

आणि समोर तुमचा टँकर.

मला वाटलं, संपलं. तुम्ही तेवढ्यात काय केलंत ते मी नीट पाहिलं आहे. एखाद्याने घाबरून ब्रेक मारला असता. तुम्ही उलट टँकर थोडा पुढे काढलात, मला जागा केलीत, खिडकीतून अख्खा हात बाहेर काढलात आणि डोंगराच्या बाजूला दाखवत राहिलात. तिथे मातीचा उंचवटा होता आणि त्याच्या अलीकडे खडीचा रुंद पट्टा. मी तो पाहिला नव्हता. त्या क्षणी माझी नजर दरीच्या कठड्यावरच खिळली होती. तुमचा हात पाहून मी स्टिअरिंग वळवलं. चाकं खडीत रुतली, बंपर मातीला घासला आणि गाडी थांबली.

तुम्ही टँकर उभा करून धावत आलात ते हातात दोन मोठे दगड घेऊनच. आधी चाकांना दगड लावलेत, मग विचारलंत, "कुणाला लागलं का?" तो क्रम मला नंतर समजला. तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, आवळलेला पार्किंग ब्रेक डिस्क थंड होताना सैल पडू शकतो, आणि उतारावर उभ्या असलेल्या दोन टनांना तेवढी संधी पुरते. यजमान पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाले तेव्हा तुम्ही त्यांचा हात धरलात. "लालबुंद लोखंडावर पाणी नको साहेब, डिस्क तडकेल, वाकडी होईल." चाकांतून धूर येत होता, जळका वास सगळीकडे पसरला होता. तुम्ही आम्हाला गाडीपासून लांब, वरच्या बाजूला बसवलंत आणि मागे वळणावर तुमच्या पोराला लाल फडकं देऊन उभं केलंत.

मग तुम्ही मला विचारलंत, "इंजिन बंद नाही ना केलं?" मी नाही म्हटल्यावर तुम्ही "शाब्बास ताई" म्हणालात. तेवढ्या दोन शब्दांनी माझे हात थरथरायचे थांबले. गाडी चालवणाऱ्या बाईला अशा प्रसंगानंतर काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला ठाऊक आहे. तुमच्याकडून त्यातलं काहीच आलं नाही, आणि हे मी विसरणार नाही.

धूर थांबला, चाकं निवली. यजमानांनी पेडल दाबून पाहिलं, मी पाहिलं. घट्ट! अगदी रोजच्यासारखं. खाली पोचायला थोडंच अंतर उरलं होतं, अंधार व्हायला आला होता, मूल कंटाळलं होतं. हळूहळू, खालच्या गिअरमध्ये नेऊ, असं आमचं ठरलंही. तेव्हा तुम्ही आडवे उभे राहिलात. "पेडल परत आलंय. ब्रेक परत आलेला नाही."

यजमान जरा चिडले होते, हे तुमच्या लक्षात आलं असणार. तरीही तुम्ही शांतपणे समजावलंत. तुमच्या टँकरच्या हवेच्या ब्रेकमध्ये ड्रम तापून पकड जाते, आमच्या गाडीत ब्रेक ऑइल उकळतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. ते उकळून त्यात वाफ झाली की पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. गाडी निवली की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल खरं वाटायला लागतं. पण आतलं ऑइल तेच, त्यातलं पाणीही तेच. पुन्हा तापलं की पुन्हा उकळणार, आणि पुढच्या वेळी समोर खडी असेलच असं नाही.

दोरीने ओढून नेण्याची सूचना आली तेव्हाही तुम्ही मान हलवलीत. "दोरीच्या मागच्या गाडीला थांबायला तिचाच ब्रेक लागतो ताई." इतकं साधं, पण आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चारही चाकांना ताकद जाणारी ऑटोमॅटिक गाडी दोन चाकं उचलून नेली तर गिअरबॉक्सची वाट लागते, हेही तुम्हीच फोनवर त्या मदतवाल्यांना सांगितलंत आणि अख्खी गाडी वर चढवून नेणारी सपाट पाटाची गाडी मागवलीत. ती येईपर्यंत तुम्ही थांबलात. तुमचा माल वेळेत पोचायचा होता, मालकाचे फोन येत होते, मी ते ऐकत होते.

आता काय निघालं ते सांगते.

वर्कशॉपमध्ये टाकीतलं ब्रेक ऑइल काढलं तेव्हा ते काळपट तपकिरी होतं. उत्कलनबिंदू मोजायच्या यंत्रात घातलं तर तो फारच खाली आला. आमच्या गाडीत डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल लागतं. नवं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. हे ऑइल हवेतली ओल स्वतःकडे ओढतं, रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून, गाडी चालो वा उभी राहो. म्हणूनच बऱ्याच कंपन्या ते साधारण दर २ वर्षांनी बदलायला सांगतात. गाडीसोबत मिळालेल्या सर्व्हिसच्या कागदांत इंजिन ऑइल होतं, फिल्टर होते, टायर होते. ब्रेक ऑइलची एकही नोंद नव्हती.

दिवा का लागला नाही तेही विचारलं. टाकीतला सेन्सर फक्त पातळी बघतो, आणि पातळी बरोबर होती. डिस्कला आवळणाऱ्या पॅडमधली तार पॅड किती झिजला तेवढंच सांगते. ऑइलमध्ये किती पाणी आहे हे मोजणारं आमच्या गाडीत काहीच नाही.

उताराचा हिशेब मेकॅनिकने कागदावर करून दाखवला तो तुम्हाला आवडेल. दोन टनांची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबवायला सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते. तीच गाडी उंचीने १०० मीटर खाली उतरते तेव्हा जवळजवळ २० लाख ज्यूल. म्हणजे इंजिनने धरलं नाही तर प्रत्येक १०० मीटर उतरणं हे ८० च्या वेगावरून चारदा कचकन थांबण्याइतकं. "ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं" असं तुम्ही लोक म्हणता, त्यामागचं गणित हे आहे. ऑटोमॅटिक गाडीत तो नियम कुणी शिकवत नाही, आणि "डी" मध्ये गाडी इतकी गुळगुळीत पळते की वजन जाणवतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑइल बदलण्याआधी मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून पेडलवर एकसारखा दाब धरला. सुरुवातीला घट्ट होतं, आणि मग ते हळूहळू, मिनिटभरात, खाली जायला लागलं. कुठेही बाहेर गळती नव्हती. पेडल दाबलं की ऑइलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतली रबरी सील फाटली होती. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या पुढच्या टोकापर्यंत कधी जात नाही, तिथे वर्षानुवर्षं गंज आणि गाळ साचतो. त्या दिवशी पेडल फरशीला टेकलं तेव्हा पिस्टन त्या खरबरीत भागात गेला आणि सील कापली गेली, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे आम्हाला घट्ट वाटलेलं पेडल दोन बाजूंनी खोटं होतं. ऑइल उकळणार होतं ते होतंच, शिवाय वळणावर पाय दाबून धरला असता तर दाब आतल्या आत निसटत गेला असता. हे तुम्हाला घाटात उभं राहून दिसणं शक्य नव्हतं. तरी तुम्ही गाडी हलू दिली नाहीत.

पुढच्या दोन्ही रबरी नळ्यांना चिरा पडलेल्या निघाल्या. पॅड काचेसारखे चकचकीत झाले होते. मास्टर सिलिंडर, नळ्या, पुढचे पॅड आणि डिस्क, सगळं नवं घातलं.

काका, वापरलेल्या मोठ्या गाडीबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. तिची किंमत उतरते, वजन उतरत नाही. नवी असताना तिला जेवढा ब्रेक लागायचा तेवढाच आजही लागतो, आणि त्याचे भागही नव्या गाडीच्याच भावाने येतात. "कमी चाललेली" या शब्दांवर लोक भुलतात. रबर आणि ब्रेक ऑइल किलोमीटर मोजत नाहीत, त्यांचं वय कॅलेंडरवर वाढतं. चार वर्षं झाकून ठेवलेली गाडी रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा ब्रेकच्या बाबतीत जास्त धोक्याची असू शकते. विकणारा चामड्याच्या सीट दाखवतो, काचेचं छप्पर उघडून दाखवतो. घेणाऱ्याने त्याआधी मिनिटभर पेडलवर पाय दाबून धरावा, ते खाली सरकतं का बघावं, आणि ब्रेक ऑइल कधी बदललं त्याची लेखी तारीख मागावी. तारीख नसेल तर गाडी घरी नेण्याआधी ते बदलूनच घ्यावं. एवढ्या खर्चाने अशा गाडीच्या किंमतीत काहीच फरक पडत नाही.

माझ्या भावाने नुकतीच अशीच एक गाडी घेतली. तुमची गोष्ट ऐकून तो दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपमध्ये गेला. त्याच्या गाडीतलंही ऑइल काळपट निघालं, आणि मागची एक नळी फुगलेली. दोन्ही बदलून मगच तो मुलांना घेऊन बाहेरगावी गेला.

माझी लेक तुम्हाला "दगडवाले आजोबा" म्हणते. आईने तुमच्यासाठी आणि त्या लाल फडकंवाल्या पोरासाठी आशीर्वाद सांगितले आहेत. यजमानांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे की त्या दिवशी ते तुमच्याशी चढ्या आवाजात बोलले, तरी तुम्ही समोरून हटला नाहीत, त्याबद्दल ते तुमचे कायमचे ऋणी आहेत. आणि मी तर आहेच.

तुमची,
खडीत थांबलेल्या त्या गाडीची चालक