पोलीस ठाण्यातला कागद हवा असेल, तर आधी नोंदवहीचे नाव घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोलिसांकडे केलेला माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळला गेला की कायद्यातली पळवाट वापरली, असा समज होतो. पळवाटा आहेतच. पण पुष्कळदा अर्जच असा लिहिलेला असतो की तो फेटाळायला पळवाट शोधावी लागत नाही. 'माझ्या तक्रारीवर कारवाई का झाली नाही?' असे विचारले की 'प्रश्नार्थक माहिती देय नाही' असे एका ओळीचे उत्तर येते आणि ते पुष्कळसे कायद्याला धरूनच असते. कायदा अभिलेखावर असलेली माहिती द्यायला सांगतो, नवे स्पष्टीकरण तयार करून द्यायला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात हे स्पष्ट केले. म्हणून 'का' विचारायचे सोडून ज्या कागदावर ते 'का' लिहिलेले असू शकते, तो कागद मागावा.

ठाण्यात लेखी तक्रार दिली की तिची नोंद बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत होते आणि आवक क्रमांक पडतो. पुढे ती कोणत्या अंमलदाराकडे चौकशीला दिली, याचा वरिष्ठांचा शेरा अर्जावर असतो. चौकशी झाली असेल तर जबाब आणि अहवाल असतात. अदखलपात्र ठरली तर एन.सी. रजिस्टरला नोंद, दखलपात्र असेल तर गुन्हा रजिस्टरचा नंबर, म्हणजेच गु.र.नं. या सगळ्याच्या पोटात स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्यातल्या घडामोडींची रोजची वही असते, तारीख-वेळेनुसार. दखलपात्र गुन्ह्याबाबत ठाण्यात आलेली प्रत्येक माहिती, मग गुन्हा दाखल होवो वा नुसती प्राथमिक चौकशी होवो, या डायरीत आलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालात आहे.

तेव्हा अर्जातला मजकूर साधारण असा असावा: 'अमुक तारखेच्या माझ्या तक्रार अर्जाची (आवक क्र. अमुक) बारनिशीतील नोंद, त्यावरील वरिष्ठांचे शेरे, चौकशी अहवाल, तसेच त्या दिवशी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतील स्टेशन डायरीच्या नोंदी यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. यांपैकी जो अभिलेख उपलब्ध नसेल, तो उपलब्ध नसल्याचे लेखी कळवावे.' शेवटचे वाक्य गाळू नका. 'अशी नोंद नाही' हे सहीशिक्क्याचे उत्तर पुढे वरिष्ठांकडे किंवा न्यायालयात जाताना नोंदीइतकेच कामाला येते.

केस डायरी मात्र या यादीत घालू नये. ती तपास अधिकाऱ्याची स्वतंत्र दैनंदिनी असते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ खाली ती आरोपीलासुद्धा मागता येत नाही. ती एक मागणी घातली की तिच्या आधाराने उरलेले चार कागदही नाकारले जातात.

काही कागदांसाठी तर माहिती अधिकार वापरणे म्हणजे महिना फुकट घालवणे. फिर्यादीला किंवा पीडिताला प्रथम खबरीची (एफआयआर) प्रत याच संहितेच्या कलम १७३(२) नुसार तत्काळ आणि मोफत मिळते. इतरांनी महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर प्रकाशित प्रथम खबरी पाहाव्यात. जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून शोध घेता येतो. प्रथम खबर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत, ती तिथे दिसणार नाहीत. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे संहितेच्या कलम १९३(३) नुसार पोलिसांचे कामच आहे. तिथे साधे स्मरणपत्र द्यावे. दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा. दोषारोपपत्र हा सर्वांसाठी खुला दस्तऐवज नाही, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. गुन्ह्यात 'अ', 'ब' किंवा 'क' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल पाठवला असेल तर तेही कागद न्यायालयातच असतात.

आता अर्जाचे. महाराष्ट्रात तो जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडावी. राज्याच्या नियमांतील २०१२ च्या दुरुस्तीनंतर एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे १५० शब्द. दोन विषय घातले तर पहिल्याचेच उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करा, असे सांगण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे आणि ती मुभा हमखास वापरली जाते. तक्रार एक विषय, त्याच ठाण्यातला जप्त मुद्देमाल दुसरा. दहा रुपये वाचवायला जाऊ नये. जन माहिती अधिकारी कोण, हे आयुक्तालयात वेगळे आणि जिल्ह्यात वेगळे असते. कुठे ठाण्याचे निरीक्षक, कुठे वरचा अधिकारी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) नुसार हे नाव आणि पदनाम जाहीर असायला हवे. फलक सापडला नाही तर नुसते 'जन माहिती अधिकारी, अमुक पोलीस ठाणे' लिहावे. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर ५ दिवसांत अर्ज वर्ग करायची जबाबदारी कलम ६(३) ने त्यांच्यावर टाकली आहे. हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. टपालाने पाठवायचा तर स्पीड पोस्टाने आणि पोच सांभाळून ठेवावी (जुने रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झाले आहे).

मुदत ३० दिवसांची. त्यात एक खाच आहे. प्रतींसाठी पानाला २ रुपयांप्रमाणे पैसे भरा, असे पत्र निघाले की ते निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत मोजले जात नाहीत. समजा, ९ पानांचे १८ रुपये मागणारे ते पत्र किरकोळ म्हणून बाजूला पडते आणि मग केलेले अपील 'अर्जदाराने शुल्क भरले नाही' म्हणून निकाली निघते. उलट, मुदत टळल्यावर आलेल्या माहितीला शुल्क लागत नाही, कलम ७(६).

एखाद्याला उचलून नेले आहे आणि अटक दाखवलेली नाही, अशा वेळी ४८ तासांत माहिती देण्याचे कलम ७(१) चे परंतुक आहे. अर्जाच्या माथ्यावरच 'व्यक्तीच्या जीविताशी व स्वातंत्र्याशी संबंधित' असे लिहावे आणि त्या व्यक्तीबद्दलच्या स्टेशन डायरीच्या नोंदी मागाव्यात. अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावण्याचे बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे. तो फलक आधी पाहावा. त्याचा फोटोही घ्यावा.

नकार येतो तो बहुधा माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) चा, म्हणजे इंग्रजी प्रतीतला 'एच': तपासात अडथळा येईल. नुसता तपास चालू आहे एवढे कारण पुरत नाही. अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्येच म्हटले आहे. प्रथम अपिलात एवढेच मुद्दे घ्यावेत: आदेशात अडथळ्याचे कारण नाही, नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्याची, आणि काही भाग खरोखरच झाकायचा असेल तर तो झाकून बाकीचा कलम १० खाली द्यावा. खबऱ्याचे किंवा साक्षीदाराचे नाव झाकले तर तक्रार करू नये. ते कलम ८(१)(छ) मध्ये बसते आणि बसावेही.

दुसरा नकार 'वैयक्तिक माहिती'चा, कलम ८(१)(ञ). हे कलम नोव्हेंबर २०२५ मध्ये बदलले. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली, खासगीपणात अवाजवी घुसखोरी करणारी, ही जुनी मोजमापे गेली आणि सरसकट 'वैयक्तिक माहिती' एवढेच उरले. आमच्या मते ही दुरुस्ती वाईट आहे, पण अर्ज आज करायचा तर आजच्या कलमाखालीच करावा लागतो. हाताशी राहते ते कलम ८(२): जनहित मोठे असेल तर सूट असूनही माहिती देता येते. एरवी अर्जात कारण लिहायची गरज नसते, पण दुसऱ्या व्यक्तीचा उल्लेख असलेला कागद मागताना जनहिताच्या दोन ओळी अर्जातच घालाव्यात. पोलिसांच्या खातेनिहाय चौकशीच्या फाइली मात्र त्यांना वैयक्तिक माहिती ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालापासूनच अवघड झाल्या आहेत.

प्रथम अपील ३० दिवसांत, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या आपल्या खंडपीठाकडे ९० दिवसांत, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये. इथे चिडून अनेक जण अपिलाऐवजी कलम १८ खाली तक्रार करतात. त्या तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये; माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयात मणिपूर प्रकरणात २०११ मध्ये हे ठरले आहे. कागद हवा असेल तर कलम १९ खालचे अपीलच करावे.

आयोगापुढे सुनावणी लागायला फार वेळ जातो, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका सीसीटीव्ही चित्रणाला बसतो. परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतले चित्रण १८ महिने ठेवायला सांगितले, आणि ते शक्य नसेल तिथेही किमान एक वर्ष. अपिलांच्या फेऱ्यांत एवढा काळ सहज निघून जातो. म्हणून चित्रणाच्या अर्जाबरोबरच त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना वेगळे पत्र द्यावे: अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, प्रवेशद्वार, ठाणे अंमलदाराचे टेबल, कोठडीसमोरची पडवी या कॅमेऱ्यांचे चित्रण माहिती अधिकाराचा अर्ज प्रलंबित असल्याने पुसले जाऊ नये. वेळ तासाभरापेक्षा जास्त मागू नये. दिवसभराचे मागितले की 'साठवणूक मोठी आहे' हे उत्तर तयारच असते. 'कॅमेरा बंद होता' असे कळवले तर पुढच्या अर्जात, बंद पडल्याचे वरिष्ठांना कळवलेले पत्र, दुरुस्तीची मागणी आणि देखभालीच्या नोंदी मागाव्यात. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी त्याच निकालाने ठाणे प्रभारींवर टाकली आहे, तेव्हा ही पत्रे ठाण्यात असायलाच हवीत.

आपले,
माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणारे काही वाचक, सातारा