प्रशिक्षक चोसिच ‘अपयशी’ कसा?

प्रति, संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत युगोस्लाव्हियाचा बास्केटबॉलपटू आणि नंतरचा प्रशिक्षक क्रेशिमिर चोसिच याच्यावर चक्क अर्धं पान आलं, त्याबद्दल आधी आभार. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला अर्धं पान म्हणजे आपल्याकडे सणच. खेळाडू चोसिचबद्दल लेखात जे आहे त्यावर माझं काही म्हणणं नाही. आजच्या क्रोएशियातल्या झादरचं बालपण, अमेरिकेत युटामधलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ, १९७२ साली पोर्टलंडने आणि १९७३ साली लेकर्सने निवडूनही अमेरिकेच्या व्यावसायिक लीगकडे, म्हणजे एनबीएकडे, पाठ फिरवून झादरला परतणं, चार ऑलिंपिक, मॉस्कोचं सुवर्ण, सगळं नीट आलंय. तो मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेला आणि त्यांच्या धर्मग्रंथाच्या क्रोएशियन भाषांतराला त्याने हात लावला, यावरही एक अख्खा परिच्छेद आहे. हरकत नाही.

पण प्रशिक्षक म्हणून जो चोसिच होता, त्याची बोळवण शेवटच्या चार ओळींत? आणि तीही ‘अपयशी’ असा शिक्का मारून? का, तर म्हणे सुवर्ण नाही.

१९८५ मध्ये त्याच्याकडे युगोस्लाव्हियाचा संघ आला. १९८६ ला स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत कांस्य, १९८७ ला अथेन्सच्या युरोपियन स्पर्धेत कांस्य. याला अपयश म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. फक्त भारताच्या पुरुष बास्केटबॉल संघाचं एकमेव ऑलिंपिक आठवून मग म्हणा. तेही १९८० चं मॉस्कोच. बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या म्हणून आपण गेलो, एकही सामना न जिंकता बारा संघांत बारावे आलो. त्याच स्पर्धेत अंतिम सामन्यात इटलीला हरवून चोसिच सुवर्णपदक गळ्यात घालत होता. आपण बारावे आलो त्याला आपली वर्तमानपत्रं आजही ‘ऐतिहासिक सहभाग’ म्हणतात, आणि त्याची दोन कांस्यपदकं मात्र अपयश!

लेखकाने माद्रिदचा १९८६ चा उपांत्य सामना पाहिलेला दिसत नाही. यूट्यूबवर आहे, फुकट आहे. घड्याळात मिनिटभरही उरलेलं नाही आणि युगोस्लाव्हिया सोव्हिएत संघापेक्षा ९ गुणांनी पुढे. लोक उठून निघायला लागावेत अशी स्थिती. मग साबोनिसचा थ्री-पॉइंटर, बोर्डला लागून आत. मग तिखोनेन्कोचा. तरीही बॉल युगोस्लाव्हियाकडे आणि तीन गुणांची आघाडी. बॉल धरून ठेवायचा, बाकी काही करायचं नाही. बॉल कुणाकडे, तर अठरा वर्षांच्या व्लादे दिवाचकडे. पोरगा ड्रिबल करतो, थांबतो, गोंधळतो आणि परत ड्रिबल करतो. डबल ड्रिबल, म्हणजे नियमभंग! बॉल सोव्हिएत संघाकडे, वाल्टर्सचा तिसरा थ्री-पॉइंटर, बरोबरी. ओव्हरटाइममध्ये युगोस्लाव्हिया एका गुणाने हरला. जगज्जेतेपदाचा अंतिम सामना हातातून गेला, आणि सगळा देश त्या पोरावर तुटून पडायला तयार.

अशा वेळी आपल्याकडे काय होतं हे मी सांगायला नको. चोसिचने काय केलं? पुढच्या वर्षी अथेन्सला दिवाच संघात होताच, वर कुकोच, रादजा, जॉर्जेविच अशी अठरा ते वीस वर्षांची पोरं त्याने सोबत नेली. ड्राझेन पेत्रोविच तर होताच. यजमान ग्रीसने त्यांना आपल्या घरात हरवलं आणि परत कांस्य. पण दिवाच, कुकोच, पेत्रोविच यांच्याच जिवावर युगोस्लाव्हियाने १९८९ ला झाग्रेबमध्ये युरोपियन आणि १९९० ला ब्युनोस आयर्समध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं. तेव्हा प्रशिक्षक इव्कोविच. तोही मोठा माणूस, वाद नाही. पण पेरणी कुणाची हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं की नाही?

मला हे इतकं का झोंबलं, तेही सांगून टाकतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नागपुरात कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचो. सहा फूट तीन इंच. त्या काळी विदर्भात एवढा उंच पोरगा दिसला की कोच लोक मिठाई दिसल्यासारखे बघायचे. आणि सगळ्यांचा नियम एकच : उंच आहेस ना, मग रिंगखाली उभा राहा. रिबाऊंड घे, बॉल पुढे नेणाऱ्या गार्डला दे, बास. ड्रिबल करायचं नाही. आमचे सर म्हणायचे, ‘‘लांबुड्या, तू मजूर आहेस, गवंडी नाहीस.’’ सगळे हसायचे. मीही हसायचो.

आंतर-महाविद्यालयीन अंतिम सामन्यात शेवटची दोनेक मिनिटं उरली होती, आम्ही एका बास्केटने मागे. मी रिबाऊंड घेतला. आमच्या गार्डला दोघांनी असं घेरलं होतं की त्याला बॉल द्यायचा म्हणजे समोरच्या संघाला द्यायचा. मी बॉल स्वतःच घेऊन निघालो. मधली रेषा ओलांडली, अंगावर आलेल्या माणसाला डावीकडून काढलं, आणि उजव्या बाजूला मोकळ्या धावणाऱ्या आमच्या पोराला पाठीमागून पास दिला. पास त्याच्या हातात पडला, आणि हातातूनच रेषेबाहेर गेला. सरांनी तिथल्या तिथे मला बाहेर काढलं. वर्गातून उचलून आणलेला बाक होता, दौतीचं भोक असलेला. त्यावर बसून मी सामना संपताना पाहिला. आम्ही हरलो. पुढच्या वर्षी सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या माझ्या जागी, दुसरा उंच पोरगा आला, तो ड्रिबल करत नव्हता. माझं बास्केटबॉल तिथेच आटोपलं. पास बरोबर होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. सर आता हयात नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण हा नियम ज्याने केला तो कधी बाकावर बसलेला नसावा.

आणि त्याच्या कितीतरी आधी तिकडे युटामध्ये २ मीटर ११ सेंटिमीटरचा हा चोसिच बॉल घेऊन स्वतः कोर्टभर पळत होता, पाठीमागून पास देत होता आणि लोक त्यासाठी तिकीट काढून येत होते! अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलने १९७२ आणि १९७३ अशी दोन वर्षं त्याला ‘ऑल-अमेरिकन’ ठरवलं. अमेरिकेबाहेरच्या खेळाडूला हा मान तोवर मिळाला नव्हता. उंच माणसाला डोकं आणि हात दोन्ही असतात, हे त्याने आधी खेळून दाखवलं आणि मग प्रशिक्षक होऊन तशीच पोरं मैदानात उतरवली. दिवाच पुढे एनबीएत सॅक्रमेंटोला सेंटर असून पास देण्यासाठी ओळखला गेला. कुकोच तर सात फुटांच्या आसपासचा, पण बॉल हातात आला की गार्ड. शिकागोबरोबर तीन विजेतेपदं. आज एनबीएतल्या योकिच या उंच सेंटरचे पास बघून टाळ्या पिटणारे आमच्या घरातही आहेत. त्यांना मी सांगत असतो, बाबांनो, ही रीत कुठून आली ते तरी विचारा. कोण विचारतो!

लेखात एक साधी चूकही आहे. चोसिचचं निधन झाग्रेबला नव्हे, अमेरिकेत बाल्टिमोरला झालं, २५ मे १९९५ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी. युगोस्लाव्हिया फुटून क्रोएशिया वेगळा झाला, त्या युद्धाच्या काळात तो वॉशिंग्टनमध्ये क्रोएशियाच्या दूतावासात काम करत होता. झाग्रेबच्या मिरोगोय स्मशानभूमीत त्याला पुरलं, त्यावरून लेखकाचा घोळ झाला असावा. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचं नाव लागलं ते १९९६ ला, म्हणजे त्याच्या पश्चात. झादरमधल्या मोठ्या क्रीडागृहाला त्याचं नाव आहे, क्रोएशियाच्या कप स्पर्धेलाही त्याचंच नाव आहे. अपयशी माणसाची आठवण लोक अशी ठेवत नाहीत, एवढं तरी मान्य करा.

क्रीडागृहाचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. आमच्या वस्तीतल्या मैदानावरच्या बास्केटबॉल कोर्टात नवरात्राच्या मांडवासाठी सिमेंट फोडून खांब रोवले होते. मांडव गेला, खड्डे राहिले. एक बरोबर फ्री-थ्रोच्या रेषेवर आहे, पोरं त्याच्या अलीकडे उभी राहून बॉल टाकतात. पालिकेत अर्ज दिला, पोचपावती मिळाली, पुढे काही नाही. त्याच मांडवाचा झगमगता फोटो आपल्या शहर पुरवणीत पहिल्या पानावर आला होता. मी खड्ड्यांबद्दल पाठवलेलं पत्र मात्र ‘जागेअभावी’ छापता आलं नाही, असं आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आलं. तेव्हा हे पत्रही जागेअभावी कापायचं झालं तर माझ्या कॉलेजचा भाग काढा, चोसिचचा ठेवा. आणि खड्ड्याचा फोटो सोबत जोडला आहे, तो तरी छापा. मोजपट्टी ठेवून काढलाय.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये. सरांचे चिरंजीव याच भागात राहतात.)